मदत हवी आहे: मलावीत लग्न, कागदपत्रं कोणती? (तातडीचं)

मुलांजे_डोंगर
सध्या आफ्रिकेतल्या मलावीत आहे. कंत्राट ३० जूनला संपतंय, त्याआधी लग्न उरकायचंय. लिलाँग्वेच्या भारतीय उच्चायुक्तालयात होतं, की भारतात येऊनच करावं लागतं? नोंदणी पद्धतीनंच करायचंय. नेमकं सांगा, वेळ कमी आहे.

कोयनाकाठ
कुणाचं लग्न, तुमचं का? समोरची व्यक्ती भारतीय की तिथली? मलावीत गुजराती कुटुंबं बरीच आहेत म्हणून विचारतोय. धर्म, वय, आधीचं लग्न, काहीच लिहिलेलं नाही. उत्तर कसं देणार?

निवृत्त_वकील
एक जण जरी भारतीय नागरिक असेल तरी परदेशी विवाह कायदा, १९६९ लागू होतो. उच्चायुक्तालयातले विवाह अधिकारी लग्न लावू शकतात. दोघांपैकी एकानं तिथं किमान ३० दिवस राहिलेलं असावं, मग नोटीस, मग हरकतींसाठी ३० दिवस. वर २१, वधू १८. दुसरा मार्ग म्हणजे मलावीच्या कायद्यानं लग्न करा आणि त्याच कायद्याच्या कलम १७ खाली आपल्याकडे नोंदवा. तिसरा मार्ग भारतात येऊन विशेष विवाह कायदा, १९५४. तिथंही ३० दिवस थांबणं आलंच. जूनपर्यंत किती दिवस उरलेत ते मोजून बघा.

धाकटी_पाती
सर, कागदपत्रं होतील हो. मुलीच्या घरच्यांना आधी भेटा. माझ्या चुलतभावानं केनियात लग्न केलं आणि सासरच्यांशी चार वर्षं बोलणं नव्हतं.

मुलांजे_डोंगर
मी सर नाही, बाई आहे. वय ३४, साताऱ्याची, डॉक्टर. पहिलंच लग्न, त्याचंही पहिलंच. तो मलावीचा, ख्रिश्चन, क्लिनिकल ऑफिसर. वकीलकाका, आभार. त्याच्या अविवाहित असण्याचा दाखला कुणाकडून घ्यायचा? आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरायचा शिक्का, चालेल का?

निवृत्त_वकील
मलावी आणि भारत दोन्ही देश अपोस्टिल करारात आहेत, म्हणजे चालायला हवं. दाखल्याचा नमुना मात्र उच्चायुक्तालयालाच विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळा मागतात.

कोयनाकाठ
क्लिनिकल ऑफिसर म्हणजे डॉक्टर ना? इथं आल्यावर नोकरीचं काय?

मुलांजे_डोंगर
डॉक्टर नाही, तीन वर्षांची पदविका असते. पण मलावीत जिल्हा रुग्णालयं हीच माणसं चालवतात. सिझेरियनसुद्धा बहुतेक तेच करतात. त्या पदविकेवर भारतात काम करता येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पहिलं वर्ष तो शिकेल, मी कमवीन. त्याच्या गोळ्या तीन महिन्यांच्या बरोबर आणू, पुढचं पुढं. मला फक्त लग्नाच्या कागदांचं सांगा.

धाकटी_पाती
ताई, कसल्या गोळ्या?

मुलांजे_डोंगर
एचआयव्हीच्या. लिहायचं राहून गेलं, कारण इथं माझ्या रोजच्या बोलण्यात त्याचं काही वाटत नाही. हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.

सरळ_बोलणारा
डॉक्टर असून तुम्ही हे करताय? भारतात एचआयव्ही असलेल्याला लग्नाचा हक्कच नाही, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. आणि त्याला तो आजार झाला कसा, हे विचारलंत का?

निवृत्त_वकील
तुम्ही १९९८ च्या निकालाबद्दल बोलताय. त्यात लग्नाच्या हक्कावर जे भाष्य होतं ते २००२ मध्ये त्याच न्यायालयानं मागं घेतलं. शिवाय २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती सहसा उघड करता येत नाही. अर्धवट माहितीवर समोरच्याला घाबरवू नका.

सरळ_बोलणारा
कायदा राहू द्या. मी काळजीपोटी बोललो. माझा मावसभाऊ १९९९ मध्ये गेला, त्याच्या बायकोलाही लागण झाली होती. घरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलांजे_डोंगर
तुमच्या घरावर जे ओढवलं ते ऐकून वाईट वाटलं. त्या काळात औषध हाताशी असतं तर दोघंही कदाचित आज असते. त्याला आजार कसा झाला, याचं उत्तर मी देणार नाही. तो प्रश्न मी त्याला कधी विचारलेला नाही.

भोसरी_लॅब
दोन शब्द माझेही. एचपीटीएन ०५२ हा अभ्यास नऊ देशांत झाला, त्यात आपलं पुणे होतं आणि मलावीचं ब्लँटायर, लिलाँग्वेही. १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढं २०१६ च्या पार्टनर अभ्यासात ८८८ जोडप्यांचे सुमारे ५८,००० निरोधाशिवायचे संबंध मोजले, आणि औषधानं विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. रक्तात विषाणू मोजण्याइतकाही नसेल तर संबंधातून लागण होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. तरी विचारतो, शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, कधीचा? आणि तो तुमचाच रुग्ण होता का? तसं असेल तर विषय वेगळा होतो.

मुलांजे_डोंगर
माझा रुग्ण कधीच नव्हता, त्याचे उपचार दुसऱ्या रुग्णालयात चालतात. डोल्युटेग्राव्हिर हे औषध असलेली एकच गोळी रोज. चार वर्षांत एकदाही विषाणू सापडलेला नाही.

आता विचारताच आहात तर सांगते. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ आलं तेव्हा मुलांजे आणि फालोंबेचे रस्ते वाहून गेले. लोकांची घरं गेली आणि घराबरोबर गोळ्याही. आठवडाभर गोळी चुकली तर काय होतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला ते स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. तो गोळ्यांचे डबे डोक्यावर घेऊन चिखलातून पुढं आणि मी मागं, असे आम्ही शाळांमधल्या छावण्यांत फिरलो. एका म्हातारीनं गोळ्यांचं कार्ड वाहून गेलं म्हणून तोंड लपवलं होतं. त्यानं खिशातली स्वतःच्या गोळ्यांची बाटली काढून तिच्यासमोर धरली आणि तिथल्या चिचेवा भाषेत म्हणाला, आजी, माझंही हेच. मी त्याच्याबरोबर आठ महिने काम करत होते आणि मला ते त्या दिवशी कळलं. मी ठरवलं तेही त्याच दिवशी. त्याला सांगायला मात्र मला वर्ष लागलं.

गोळीवाला
औषधांवरून आठवलं, २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी आफ्रिकेसाठी एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये एचआयव्हीची तीन औषधं देऊ केली. तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. मुंबईच्या कंपनीनं केलंय हे, आपल्याकडं पुरेसं कुणी बोलत नाही. गोळीची काळजी करू नका, हीच औषधं आपल्याकडं बनतात.

कोयनाकाठ
तिथं जेवायला काय मिळतं? माझ्या मुलाला झांबियात नोकरी लागतेय.

मुलांजे_डोंगर
न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पाला किंवा मासे. झांबियातही तेच, नाव न्शिमा. मुलाला आवडेल. आता माझ्या प्रश्नाकडे याल का? उच्चायुक्तालयाच्या नोटिशीचं पुढं काय होतं?

निवृत्त_वकील
ते सांगायलाच आलो. परदेशी विवाह कायद्याचं कलम ७ वाचा. नोटीस फक्त त्यांच्या फलकावर लागत नाही, भारतातही प्रसिद्ध करावी लागते. घरी सांगितलंय ना?

मुलांजे_डोंगर
नाही.

मावशी६२
बाळ, पेपरात वाचायच्या आधी तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. आजाराचं लपवूही नकोस, आणि पहिल्याच वाक्यात सांगूही नकोस. आधी तो चिखलातला माणूस सांग. माझ्या मुलीनं मला जावयाचं गाव, पगार, जात सगळं सांगितलं, पण तो कसा आहे ते मी लग्नानंतर वर्षभरानं ओळखलं.

निवृत्त_वकील
भारतातली नोटीस टाळायची असेल तर मलावीच्या कायद्यानं लग्न करून नंतर नोंदवा. पण मावशींचं बरोबर आहे.

मुलांजे_डोंगर
त्यात अडचण अशी की त्याच्या घरचे चेवा समाजाचे आहेत, त्यांच्यात चिन्खोस्वे, म्हणजे दोन्ही घरांची लग्न ठरवायची बैठक, आधी होतं. दोन्हीकडचे अन्खोस्वे बसतात, म्हणजे लग्नाची जबाबदारी घेणारी माणसं, बहुतेक वेळा मामाच. कोंबडा आणि कोंबडीची देवाणघेवाण होते. त्याचे मामा विचारतायत, तुझ्याकडून कोण बसणार? वर्षभर हाच प्रश्न टाळत आले, म्हणून इथं नुसते कागद विचारले.

मावशी६२
तुला मामा आहे का गं?

मुलांजे_डोंगर
आहे, कराडला.

मुलांजे_डोंगर
काल रात्री आई-बाबांना फोन केला, मावशी म्हणाल्या तसाच. बाबा काहीच बोलले नाहीत. आईनं आजाराबद्दल तीनदा तेच विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. आज पहाटे मामाचा फोन आला, आईनं त्याला उठवून सांगितलं म्हणे. तो आधी खूप रागावला. मग म्हणाला, कोंबडी तिथं मिळते की इथून न्यायची? मामाचं वय ६१ आहे, आणि पासपोर्ट मुदतीत आहे. मलावीचा व्हिसा अलीकडे भारतातून कुणी काढलाय का? किती दिवस लागले?