मदत हवी आहे: ५ व्होल्टचा उनो, ३.३ व्होल्टचा लोरा, मध्ये लेव्हल शिफ्टर, तरी बोलत नाहीत

द्राक्षवाला:
नमस्कार मंडळी. नोकरी नाशकात, बाग निफाडकडे. फळांसाठीची गोडी छाटणी तोंडावर आलीय. डावणी हा रोग येणार की नाही हे पानं किती तास ओली राहतात त्यावर ठरतं, म्हणून बागेतला दमटपणा आणि पानांचा ओलावा मोजून घरी आकडे पाठवायचेत. तिथे वायफाय पोचत नाही, म्हणून लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ.

सामान: आर्डुइनो उनो (कंट्रोलर बोर्ड), बीएमई२८० (दमटपणाचा सेन्सर), आरएफएम९५ मॉड्यूल (लोराचा रेडिओ). मध्ये ५ आणि ३.३ चे सिग्नल जुळवणारे चार चॅनेलचे ते लहान लाल शिफ्टर दोन, बीएसएस१३८ मॉस्फेटवाले. बीएमई त्यातून झकास चालतो. लोरा मात्र मुका. चिपची ओळख सांगणाऱ्या व्हर्जन रजिस्टरमधून हेक्स १२ यायला हवं, कधी शून्य येतं, कधी एफएफ. मीटरने पिना तपासल्या, ३.३ आणि ५ अगदी बरोबर. कबुली देतो, पहिल्या दिवशी शिफ्टर न लावता दहा मिनिटं थेट ५ व्होल्टवर जोडलं होतं. मॉड्यूल गेलं असेल का?

चिपळ्या:
गेलंच समजा. नवीन मागवा.

सोल्डरधूर:
थांबा हो, लगेच तेरावं घालू नका. मीटर स्थिर व्होल्टेज दाखवतं, धावणारा सिग्नल नाही. तुमच्या शिफ्टरमध्ये मॉस्फेट लाइन खाली जोरात ओढतो, पण पूर्ण वर चढवायला फक्त १० किलोओहमचं रेझिस्टर असतं. वायरींची आणि पिनांची मिळून ३०-४० पिकोफॅरड धरा, म्हणजे चढायला ०.३-०.४ मायक्रोसेकंद. बीएमई बोलतो त्या आयटूसी तारांना १०० किलोहर्ट्झवर ते चालून जातं. लोराच्या तारा, म्हणजे एसपीआय, ८ मेगाहर्ट्झवर असेल, तर अर्धा ठोका जेमतेम ६२ नॅनोसेकंदांचा. सिग्नल वर पोचायच्या आत पुन्हा खाली.
एसपीआय १२५ किलोहर्ट्झवर आणून बघा. १२ आलं तर मॉड्यूल जिवंत.

द्राक्षवाला:
आलं! १२ आलं! भाऊ, तुम्हाला बागेतली पहिली पेटी. पण आता पॅकेट पाठवायला गेलं की अडकतं.

सोल्डरधूर:
पेटी नंतर. ३.३ व्होल्ट कुठून घेतलेत? उनोच्या पिनेवरूनच ना? ती ५० मिलिअँपची. हा रेडिओ १७ डीबीएम ताकदीला ८७ मिलिअँप खातो, २० ला १२०. एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर वेगळा लावा, मॉड्यूलच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आणि एसपीआयवरचे शिफ्टर काढून टाका. क्लॉक, मोसी, सिलेक्ट आणि रीसेट या चौघी उनोकडून जातात, प्रत्येकीला १ किलोओहमचं रेझिस्टर वर, २ किलोओहमचं खाली, मधून ३.३३ व्होल्ट. रीसेट लोक विसरतात. रेडिओकडून येणाऱ्या मिसो आणि डीआयओ० थेट उनोत. ५ व्होल्टवरच्या ३२८पीला (उनोवरची चिप) 'हाय' म्हणून ०.६ पट, म्हणजे ३.० लागतात. जागा थोडीच आहे, पण आहे. बीएमईचा शिफ्टर तसाच ठेवा.

चिपळ्या:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी घ्या, शिफ्टरच नको.

सोल्डरधूर:
या वेळी चिपळ्यांचं बरोबर आहे. दुसरा डबा बांधाल तेव्हा तेच करा.

द्राक्षवाला:
एमजी रोडला ७४एचसी२४५ हा बफर मिळतोय. रेझिस्टरऐवजी तो चालेल?

सोल्डरधूर:
नको. ३.३ वर चालवलेल्या एचसी२४५ च्या इनपुटला ५ व्होल्ट दिले की आतले डायोड ते सप्लायकडे ढकलतात. ७४एलव्हीसी२४५ हवा, नाहीतर ७४एचसी४०५०. रेझिस्टर स्वस्तात होतात.

द्राक्षवाला:
चार दिवसांनी लिहितोय. रेझिस्टर लावले, रेग्युलेटर वेगळा केला, एसपीआय ४ मेगाहर्ट्झवर ठेवला. डबा खांबावर आहे, ओट्यावर बसून आकडे बघतोय. आईला वाटतं मोबाइल खेळतोय. एक नवीन भानगड: फवारणीचं औषध ओलाव्याच्या पट्टीवर सुकलं की ती कोरडी असूनही ओली दाखवते. त्याचा वेगळा धागा काढतो.