‘कोशेर’ला मराठीत काय म्हणायचं?

पानवाचक: अमेरिकेतल्या खाद्यबाजारावरचा लेख मराठीत करतेय. कोशेरला, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे खायला चालणाऱ्या अन्नाला, मी ‘सोवळं’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘शुद्ध’ केलं, मला आता दोन्ही टोचतंय. काय लिहू?

नर्मदाकाठ: सोवळंच ठेवा. दूध-मांसाची भांडी वेगळी, काय खायचं काय नाही ते ठरलेलं, सगळं जुळतं. आपला शब्द असताना उसना कशाला?

न्यूजर्सीकर: अजिबात जुळत नाही हो. सोवळं नेसणाऱ्यापुरतं असतं, त्यात दुसऱ्याने शिवायचं नाही. कोशेर इथे सगळ्यांसाठी फळीवर मांडलंय. १९२३ मध्ये हाइन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर गोलातला ‘यू’, म्हणजे कोशेरचा शिक्का, आला, नव्वदीत ओरिओतली डुकराची चरबी काढली आणि मग त्यावरही आला. घेणारे बरेचसे ज्यू नसतातच, कुणाला दूध पचत नाही म्हणून तो ‘पारेव्ह’ (दूध नाही, मांस नाही) बघतो, कुणी मुसलमान डुकराचं नाही म्हणून घेतो, बाकीच्यांना एवढंच की कुणीतरी कारखान्यात जाऊन तपासलंय.

पानवाचक: म्हणजे ‘शुद्ध’ बरोबर?

न्यूजर्सीकर: नाही, इथले आपले लोक त्यानेच फसतात. कोशेर म्हणजे शाकाहारी नव्हे, कोशेर मार्शमेलोत माशाचं जिलेटिन असू शकतं.

रेवदंड्याची: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरी मराठीच. आजी ‘कोशेर’ म्हणायची नाहीतर सरळ ‘आपल्याला चालतं’. मटणाला दही-तूप चालत नाही, नारळाचं दूध चालतं. सोवळं हा शब्द यासाठी घरात कधी ऐकला नाही. हिब्रूतला अर्थही योग्य, चालण्याजोगं असाच आहे.

नर्मदाकाठ: ‘चालणारे पदार्थ’ म्हटलं की उपवासाचे वाटतात. आणि कोशेर, कोष, कोठार एकाच मुळाचे असावेत असं मला फार दिवस वाटतंय.

रेवदंड्याची: नाही, हिब्रू धातू आहे तो, संस्कृतशी संबंध नाही.

न्यूजर्सीकर: कोका-कोलाचं घ्या. १९३५ मध्ये अटलांटाचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) टोबायस गेफन यांनी मान्यता दिली, पण आधी कंपनीला चरबीचं ग्लिसरिन सोडून सरकीच्या तेलाचं घ्यावं लागलं. वल्हांडणाच्या, ज्यूंच्या सणाच्या, सुमारास त्या सणाला चालणारी पिवळ्या झाकणाची बाटली येते, मक्याच्या सिरपऐवजी साखर घातलेली, ती ज्यू नसलेले लोकही चवीसाठी शोधत फिरतात. तिथे ‘सोवळा कोक’ लिहिलंत तर वाचकाला काय कळणार?

ताकपोळी: मध्येच विचारते, रेसिपीत ‘कोशेर सॉल्ट’ असतं ते काय? त्याला रब्बीचा शिक्का लागतो का?

रेवदंड्याची: शिक्क्यामुळे नाही ते नाव. मांस कोशेर करताना रक्त निघून जावं म्हणून जाड मीठ लावून ठेवतात, मग धुतात. त्या कामाचं मीठ म्हणून ते नाव.

नर्मदाकाठ: मग खडेमीठ म्हणा की!

ताकपोळी: खडेमिठाचे खडे केवढे मोठे असतात, हे चिमटीत धरून भुरभुरता येतं.

न्यूजर्सीकर: आणि दाणा जाड म्हणून चमच्यात कमी मावतं. रेसिपीत एक चमचा असेल तर बारीक मीठ साधारण अर्धाच घाला, नाहीतर खारट होईल.

नर्मदाकाठ: ‘जाडमीठ’ घ्या मग, त्याला तरी कुणाची हरकत नसावी.

ताकपोळी: आमच्याकडे जाडमीठ म्हणजे खडेमीठच.