पोट्टं ओळखीचं निघालं. मारायचं नाही, ठाण्यातही न्यावंसं वाटत नाही. मधला रस्ता आहे का?

झेरॉक्सवाली_मानेवाडा

मानेवाडा रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागच्या मंगळवारी दुपारी शटर अर्धं ओढून जेवायला घरी गेले. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वीस मिनिटांत आले तर गल्ला उघडा, २,३४० रुपये गायब. ते जाऊ द्या. टेबलावरची निळी फाइलही गेली आणि माझा जीव तिच्यात अडकलाय.

वस्तीतल्या एका आजीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, पासबुक, सगळं ओरिजिनल त्या फाइलमध्ये. "तुझ्याजवळच राहू दे माय, माझ्या घरी उंदरं हायेत," असं म्हणून ठेवून गेली होती.

कॅमेऱ्यात तीन पोट्टे दिसतात. तोंडाला दुपट्टे, पण उन्हाळ्यात इथं कोण बांधत नाही? त्यातल्या एकाला मी चालीवरून ओळखलं. त्याच्या स्कॉलरशिपचा फॉर्म मीच भरलाय. आठवी झाली, चौदा अजून पूर्ण नाहीत. शेजारचे दुकानदार म्हणतात, "ताई, आम्हाले नाव सांगा फक्त, आम्ही पाहतो." त्या 'पाहतो'चा अर्थ मला कळतो.

गप्प बसले तर उद्या दुसऱ्याचं दुकान. ठाण्यात गेले तर पोराच्या नावावर कायमचा डाग लागेल का? आणि कसंही केलं तरी आजीचे कागद कोण देणार? पोरगा, त्याची आई, आजी आणि मी, असं बसवून बोलणारं जाणतं माणूस नागपुरात कुठं मिळतं? नगरसेवक नको. ते आधी फोटोवाल्याला बोलावतात.

तर्री_जास्त

काय बसवून बोलता बाप्पा! दोन कानाखाली द्या, फाइल कुठं फेकली ते आपोआप निघते तोंडातून. आमच्या टायमाले मास्तर हेच करत होते. बिघडलो का आम्ही?

माजी_हवालदार

तर्रीभाऊ, दोनवर कोणी थांबत नाही. हात जमावाचा असला की मोजदाद राहत नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये कस्तुरबानगरच्या गुंडाला जमावानं जिल्हा न्यायालयातच संपवलं. वस्तीचा आमच्यावरचा भरवसा उडाला की काय होतं, ते या शहरानं पाहिलंय. हे पोरगं गुंड नाही, पण सवय तीच लागते.

ताई, डागाचं मनातून काढा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटा. अशा चोरीत सोबत मोठा माणूस नसेल तर साधारणपणे एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते, घरची परिस्थिती लिहिली जाते आणि कागद बाल न्याय मंडळाकडे जातात. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली एक तरी बाई. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा असे आदेश निघतात. पुढं नोकरीत या वयातलं प्रकरण आडवं येऊ नये, हेही कायद्यात आहे.

म्हणजे बोलणी करायची म्हणून ठाणं टाळलंच पाहिजे असं नाही. दोन्ही होऊ शकतं.

बाकी तुम्ही विचारता तसली बैठक मी गावाकडं पाहिली आहे. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, पाण्याची भांडणं पारावर मिटायची. कधी दबावानं मिटायची, तेही पाहिलं. गरीब बाजूला बसवून "चल, सही कर" म्हटलं की तंटा मिटला! पण शहरात पार कुठला? आमच्या शांतता समितीच्या बैठका सणाच्या तोंडावर, चहा-बिस्किटापुरत्या.

वस्तीतली_मॅडम

मी याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं, यांना नुसती शिक्षा नको, दारोदार नेऊ. पोरं खरंच एकेका घरी गेली, नुकसान किती ते ऐकलं, पुढं भरूनही दिलं. आज जगभर ज्याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात त्याची ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात दार वाजवणं महत्त्वाचं वाटतं. ज्याचं नुकसान झालं त्याचं तोंड पाहावं लागतं.

तर बैठक अशी घ्या. आधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. आजी "नको" म्हणाली तर विषय तिथंच संपला, तिच्यावर मोठेपणाची सक्ती नाही. जागा दुकान नको, समाजमंदिर चालेल. पहिलं बोलणं आजीचं. पोराला "काऊन केलं?" विचारू नका, खोटंच उत्तर मिळतं. "त्या दिवशी काय काय झालं?" असं विचारा. पैशाच्या बदल्यात दुकानात राबवून घेऊ नका, ती बालमजुरी होईल. आणि मारहाण, छेडछाड, घरातला छळ यांत ही वाट धरूच नका. तिथं समोरासमोर बसवणं म्हणजे बाईला पुन्हा त्याच खोलीत कोंडणं.

शिवाय ही पोरं दुपारी करतात काय, तेही बघा. याच शहरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं. चेंडूनं चोरी थांबते असा माझा दावा नाही, पण चार ते सहा पोरगं कुठं आहे ते माहीत असतं.

एक राहिलंच. व्हिडिओ कुणाला पाठवला नाही ना? अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

झेरॉक्सवाली_मानेवाडा

मॅडम, पाठवला होता. त्याच दिवशी, दुकानदारांच्या ग्रुपवर. तुमचा मेसेज वाचून डिलीट केला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच होता.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना भेटून आले, त्यांनी नोंद घेतली. काल समाजमंदिरात बसलो. दोन पोरं आली, तिसरा नाही. मॅडमनी ओळख करून दिलेल्या ताई मधे होत्या. आजी पैशाबद्दल बोललीच नाही. एवढंच म्हणाली, "त्या कागदावर माह्या माणसाचं नाव होतं रे. घरात दुसरं काही नाही त्याचं." माझ्या ओळखीचा तो खाली पाहत राहिला. मग सांगितलं, आत पैसे नाहीत म्हणून फाइल नाल्यात फेकली.

नंतर त्याची आई माझ्याकडं वळली. "चुकलं त्याचं. पण ताई, तुम्ही त्याचा व्हिडिओ पाठवला तवापासून चक्कीवाला मले दळण देऊन नाही रायला." मला वाटलं होतं, मी ऐकायला आले आहे. मग मीही माफी मागितली, सगळ्यांसमोर. आज ग्रुपवर पोराचं नाव न घेता लिहिलं, की तो व्हिडिओ टाकणं माझी चूक होती. चक्कीवाल्याकडं स्वतः गेले, तो नुसता "बरं" म्हणाला.

९०० रुपये परत आले. बाकीचे हप्त्यानं द्यायचं ठरलं. कागदांच्या रांगेत आजीसोबत दोघांनी उभं राहायचं, हे आजीनंच सुचवलं. शाळेला सुट्ट्याच आहेत. सकाळी महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो, मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज पोरानं लिहिला. नाव लिहून झालं तशी आजी म्हणाली, "वाच." त्यानं वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

पासबुकासाठी सोमवारी बँकेत जायचंय. तिसऱ्याच्या घराला कुलूप आहे.