टर्नटेबल ॲम्प्लिफायरला जोडलं, पण आवाज बारीक, वर हमिंग, आणि गाणं तीन पट्ट्या खाली

त्रिमूर्तीनगरकर, नागपूर

नमस्कार मंडळी. बाबांच्या रेकॉर्ड पुन्हा वाजवायच्या आहेत, त्यात अडकले आहे. दोन लोखंडी पेट्या भरून रेकॉर्ड आहेत. वसंतराव देशपांडे, भीमसेनजी, माणिक वर्मा, पुष्कळसं नाट्यसंगीत, थोडी हिंदी सिनेमाची गाणी, आणि एका पेटीच्या तळाशी लाखेच्या जड तबकड्या. महालातलं घर सोडलं तेव्हा जुना प्लेयर मोडीत गेला, रेकॉर्ड तेवढ्या राहिल्या. बाबांचं आता बाहेर जाणं होत नाही, देशपांडे सभागृहातल्या मैफलीही सुटल्या. म्हणून भावाने अमेरिकेहून परतताना तिथे वापरलेलं बेल्टवालं टर्नटेबल सोबत आणलं.

त्याच्या खालच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय, म्हणून बर्डीवरून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो टर्नटेबलच्या बाजूलाच ठेवलाय. लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं कुठलंही यंत्र जोडायच्या जागेत, लावल्या. ॲम्प्लिफायरला मागे ट्यूनर, सीडी, टेप आणि ऑक्स आहे, फोनो नाही.

व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत फिरवला तरी आवाज बारीक येऊन राहिला आहे, तोही नुसता कर्कश, तबल्याचा डग्गा कुठेच नाही. मागून सतत हमिंग. त्याच ऑक्सला मोबाईल लावला की खिडक्या थरथरतात, म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक आहे. आणि गाणं संथ चालतं. बाबांनी बाजाची पेटी काढून सूर लावून पाहिला, तर जवळजवळ तीन पट्ट्या खाली आहे. टर्नटेबलमधून एक बारीक हिरवी वायरही लोंबते, टोकाला इंग्रजी यू सारखी पत्री आहे. ती कुठे लावायची कळत नाही. बाबा म्हणतात, आमच्या जुन्या प्लेयरला असलं काहीच लागायचं नाही. मग याला काय लागतं?

मानेवाडा

ॲम्प्लिफायरला माइकची जागा असेल तर तिथे लावून बघा. माइकचाही सिग्नल बारीकच असतो, आवाज वाढेल.

इतवारी रेडिओवाला

माइकमध्ये नका लावू जी. आवाज मोठा होईल, पण आहे तसाच कर्कश मोठा होईल. ताई, माझं सगळं आयुष्य रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आहेत, इतकंच.

पहिली, आवाजाची. सुई खोबणीतून जाताना हलते आणि ती ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमध्ये चुंबक व तारेच्या गुंडाळीमुळे वीज तयार होते. ती किती, तर साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंत देतो. ऑक्सला शेकडो मिलिव्होल्टची सवय, त्याला हे कुठून पुरणार? पण नुसतं वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला असतो आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज पुरता कापला तर खोबणी इतकी रुंद हलेल की एका बाजूला मोजकीच मिनिटं मावतील आणि सुई उड्या मारेल. वरचे स्वर चढवून कापले आणि वाजवताना उतरवले, की त्यांच्यासोबत रेकॉर्डची खरखरही उतरते. याचं एक ठरलेलं प्रमाण आहे, आरआयएए म्हणतात त्याला, १९५४ पासून चालत आलंय. वाजवताना २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल वाढवायचं आणि २० हजार हर्ट्झला तेवढंच कमी करायचं. हे उलटं गणित करणारा भाग म्हणजे फोनो प्रीॲम्प. जुन्या ॲम्प्लिफायरवर फोनो लिहिलेली जागा असायची, तिच्या आत तो बसवलेला असे. तुमच्यात नाही, म्हणून डग्गा हरवला.

तेव्हा फोनो प्रीॲम्पची लहान डबी घ्या. बेहरिंगरची पीपी४०० चालेल, तिच्यासारख्या इतरही आहेत. टर्नटेबल डबीत, डबी ऑक्समध्ये. त्याआधी टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असं लिहिलेलं लहान बटण आहे का पाहा. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प आतच असतो, लाइनवर केलं की ऑक्सला थेट चालतं. प्रीॲम्प साखळीत एकदाच हवा. दोनदा आला तर आवाज फाटतो.

तुमचे बाबा म्हणतात ते अगदी बरोबर आहे. त्या काळातल्या घरगुती प्लेयरमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते शेकडो मिलिव्होल्ट द्यायचं आणि त्याच्या स्वभावातच ते प्रमाण बरंचसं भागून जायचं. डबी लागत नव्हती. पण त्याची सुई वजनाने जड, रेकॉर्ड झिजवायची. आताची सुई दोन ग्रॅमच्या आसपास टेकते. बाबांच्या रेकॉर्ड पुढेही टिकायच्या असतील तर हीच बरी.

दुसरी, हमिंग. ती हिरवी वायर अर्थिंगची. प्रीॲम्पवर जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो, त्याखाली यू पत्री घालून घट्ट आवळा. सगळं बंद करून, प्लग काढून. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात ही वायर कधीही घालू नका. आणि तो ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलपासून दूर न्या, हातभर तरी, जमिनीवर. त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजच्या गुंडाळीत शिरतं. सरकवताना हमिंग कमी-जास्त झालं तर दोष त्याचाच समजा.

तिसरी, पट्टी. तुमच्या बाबांच्या कानाला नमस्कार सांगा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. या जातीची मोटर हर्ट्झ पाहूनच फिरते. म्हणून मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात. सूर तीन पट्ट्यांहून किंचित जास्त खाली जातो, पेटीवर तेच आलं. यावर उपाय मोटरच्या पुलीचा. युरोपात विकण्यासाठी बऱ्याच कंपन्यांनी ५० हर्ट्झची जाड पुली काढली होती, भावाला मॉडेल नंबर टाकून शोधायला सांगा. नाहीच मिळाली तर हिंगणा एमआयडीसीत लेथवाले पुष्कळ आहेत, पितळेची करून घ्या. जुन्या पुलीच्या १.२ पट व्यास, म्हणजे १० मिलिमीटरची असेल तर १२. बेल्टच्या जाडीमुळे केसभर फरक पडतो, तेव्हा थोडी जाडच कापून मग उतरवत आणायला सांगा. मोटर १२० व्होल्टचीच आहे, ट्रान्सफॉर्मर राहू द्या.

वेग तपासायला स्ट्रोबची, म्हणजे कडेने रेघा आखलेली, चकती छापून घ्या, पण ५० हर्ट्झची, ३३⅓ साठी १८० रेघांची. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती आपल्या विजेवर चुकीचं दाखवेल. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली बहुधा काही दिसत नाही.

रामदासपेठ

इतवारीकाकांनी सगळं सांगितलंच आहे, एवढंच जोडतो. वापरलेलं टर्नटेबल आहे तर सुई आधी बदला, मगच बाबांच्या रेकॉर्डवर टेकवा. झिजलेली सुई एका वाजवण्यात खोबणीचं जे नुकसान करते ते परत भरून येत नाही. स्पीकर नंतर घेता येतील. सुई किती वजनाने टेकते ते काट्याने मोजा. कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्यापेक्षा हलकंही ठेवू नका, सुई खोबणीत नाचते आणि भिंती खरवडते.

पेट्या माळ्यावर असतील तर आजच खाली काढा. मे महिन्यात स्लॅबखाली काय भट्टी होते ते आपल्या नागपूरकरांना सांगायला नको. रेकॉर्ड आडव्या एकावर एक रचलेल्या असतील तर वाकतात. उभ्या ठेवा, कूलरच्या हवेच्या झोतात नाही, कव्हरला बुरशी लागते.

त्रिमूर्तीनगरकर, नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मागे बटण नव्हतं, म्हणून डबी घेतली. लावल्याबरोबर डग्गा आला, तानपुरा वेगळा ऐकू यायला लागला. हिरवी वायर आवळल्यावर हमिंग निम्मं झालं आणि ट्रान्सफॉर्मर खाली कोपऱ्यात नेल्यावर राहिलेलंही गेलं. पुली हिंगण्याला करून घेतली, दुसऱ्या खेपेला माप जमलं. बाबांनी पुन्हा पेटीवर तपासलं, पट्टी बरोबर आहे. सुई नवी आहे.

आता बाबांना त्या लाखेच्या तबकड्या ऐकायच्या आहेत. त्यांतली एक त्यांच्या आईच्या आवडीची होती. टर्नटेबलवर ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. काही करता येईल का? आणि त्या पुसायच्या कशाने?

इतवारी रेडिओवाला

करता येतं ताई, पण या सुईने नाही. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉन, तुमच्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, त्यांची खोबणी कितीतरी रुंद, त्यांना ७० मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. बारीक सुई तळाशी जाऊन घासते, खरखर सोडून काही देत नाही आणि स्वतःही खराब होते. तुमच्या कार्ट्रिजला ७८ ची वेगळी सुई मिळते का ते पाहा. पुष्कळ कार्ट्रिजना पुढचा तुकडा ओढून बदलता येतो.

वेग ७८ नसला तरी अडत नाही. ४५ वर वाजवून डबीतून कॉम्प्युटरमध्ये घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ४५ वरून ७८ करा, म्हणजे १.७३३ पट. त्यात पट्टीही आपोआप चढते, फक्त वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. तबकडी संथ फिरल्याने वाकलेल्या जागी सुई उडतही नाही. डाव्या-उजव्या बाजू एकत्र करून मोनो करा. तबकडी मोनोच आहे, खरखर बरीच बसेल. तबकडीचा नेमका वेग कंपनीगणिक थोडा वेगळा असू शकतो, तेव्हा शेवटचा अर्धा-एक टक्का पेटी घेऊन बाबांनाच ठरवू द्या.

पुसायला डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते, आणि त्यात सौम्य साबणाचा थेंब. मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, लेबल ओलं होऊ देऊ नका, लगेच कोरडं करा. स्पिरिट मात्र या तबकड्यांना अजिबात लावू नका. एलपीला थोडं चालतं, लाख त्यात विरघळते.