विषय: किल्लीचं मीटर काढून डायरेक्ट डेबिट – कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या हिशेबाच्या मेलांमध्ये माझं रडगाणं घुसवतेय, सांभाळून घ्या. आम्ही सप्टेंबरात पुण्याहून इथे इंग्लंडात, लेस्टरला आलो. भाड्याच्या घरात जिन्याखालच्या कपाटात किल्लीवालं विजेचं मीटर आहे. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात किल्ली न्यायची, वीस पौंड भरायचे, घरी येऊन ती मीटरात खुपसायची. गॅसला तसंच कार्ड.

शनिवार-रविवार पैसे संपले तरी वीज तोडत नाहीत, हे शेजारणीनं सांगितलं होतं. त्या भरवशावर राहिले. सोमवारी सकाळी मशीन लावलं आणि दहाच्या सुमारास खटकन सगळं बंद. मशीनचं दार लॉक, आत फेसाच्या पाण्यात नवऱ्याचे ऑफिसचे चार शर्ट. पावसात धावत जाऊन वीस पौंड भरले, तर पडद्यावर शिल्लक ३ पौंड ४० पेन्स! दहा इमर्जन्सी क्रेडिटचे (शिल्लक संपल्यावर मीटर उसने देतं ते) वळते झाले, २.६० शनिवार-रविवारची उधारी. ते समजलं. पण उरलेले चार पौंड 'डेट', म्हणजे जुनं कर्ज, म्हणून गेले. आम्ही तर कुणाचं काही देणं लागत नाही.

डायरेक्ट डेबिटवर, म्हणजे दर महिन्याला बँकेतून आपोआप पैसे कापले जातील असं, जायचं तर काय करावं लागतं? घरमालक म्हणतो, "आहे तसं राहू द्या."

– लेस्टरची नवी भाडेकरू

*

नमस्कार,

माझ्या मुलीच्या वयाची असशील असं धरून 'अगं' म्हणतोय. अगं, ते चार पौंड तुझे नाहीत, आधीच्या भाडेकरूचे आहेत. घरात आल्यावर ड्रॉवरमध्ये सापडलेली किल्लीच वापरलीस ना? नव्या माणसाचं खातं निघेपर्यंत मीटर जुन्याच माणसाचं कर्ज फेडून घेत राहतं, दर आठवड्याला थोडं थोडं. निम्मी मंडळी इथेच फसतात. मीही १९९८ साली फसलो होतो.

तेव्हा डायरेक्ट डेबिट नंतर, आधी हे कर. वीज कंपनीला फोन लाव. भाडेकरार कोणत्या तारखेपासून आहे ते सांग, कराराची प्रत पाठव. त्या तारखेआधीचं देणं तुझ्या माथी येत नाही, आणि कापून घेतलेले पैसे परत माग. टॉप-अपच्या पावत्या ठेवल्या असशील तर उत्तम. गॅसची कंपनी वेगळी असली तर तिथेही हेच पुराण.

घरमालकाचं म्हणशील, तर बिल तू भरतेस, तेव्हा कंपनी आणि मीटरचा प्रकार निवडायची मुभा तुला आहे. फक्त करारात काय लिहिलंय ते वाच आणि त्याला ईमेलने कळव. घर सोडताना पूर्वीसारखं करून द्या असं तो म्हणू शकतो. तोंडी बोलू नकोस, लिहून ठेव.

कंपनी तुझी पत तपासेल. नव्याने आलेल्यांची इथली पत म्हणजे कोरी पाटी, त्यामुळे अनामत मागू शकतात. मागितली तर किती, कधी परत, हे विचार. जुनं, स्मार्ट नसलेलं मीटर असेल तर माणूस येऊन बदलेल. स्मार्ट असेल तर घरबसल्या, दुरूनच बदलतात.

माझा भाऊ सोलापुराहून फोनवर विचारतो, "तुमच्याकडेही प्रीपेड मीटरं आहेत म्हणे?" तिकडे महावितरणच्या स्मार्ट मीटरवरून केवढा गदारोळ झाला. म्हटलं बाबा, इथे मीटरात आधी पैसे टाकून वीज घेणं आजीच्या काळापासून आहे, तेव्हा नाणी टाकायचे.

– माजी खजिनदार

*

काका, नमस्कार! थोडा विरोध नोंदवतो.

आम्ही लफबरोला चौघे एका घरात. किल्लीमुळे भांडणं वाचली. वीस-वीस पौंड पाळीनं भरतो, महिन्याच्या शेवटी "तुझं हीटर जास्त चालतं" ही बाचाबाची नाही. आणि किल्ली महाग हेही आता खरं नाही. पूर्वी होतं. २०२३ च्या जुलैपासून तो जादा भार काढला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या प्राइस कॅपमध्ये (वीज-गॅसची सरकारी नियामक संस्था ऑफजेम ठरवते ती दराची कमाल मर्यादा) सरासरी घराला वीज-गॅस मिळून डायरेक्ट डेबिटवर वर्षाला १,७५५ पौंड होते, प्रीपेमेंटवर, म्हणजे किल्ली-कार्डावर, १,७०७. म्हणजे तेव्हा किल्लीच अठ्ठेचाळीस पौंडांनी स्वस्त! ताईंचा प्रश्न किल्लीचा नाही, उधारीचा आहे.

– लफबरोचा विद्यार्थी

*

बरोबर बोललास रे. पण तुम्ही चौघे तरणे, अंधारात बसलात तरी गप्पा मारत बसाल. हिच्या घरात लहान मूल आहे की नाही ठाऊक नाही, पण थंडीत गॅसचं कार्ड संपलं की रेडिएटरही गार. शिवाय फिक्स्ड दराच्या बऱ्याच योजना डायरेक्ट डेबिटवाल्यांनाच मिळतात, ते अठ्ठेचाळीस तिथे भरून निघू शकतात.

आणि हो, बिल आल्यावर कार्डाने भरत बसायचं हा तिसरा मार्ग धरू नका, तो सर्वांत महाग.

– माजी खजिनदार

*

(फराळाचे पैसे अजून सहा जणांचे बाकी आहेत. नावं जाहीर करायची वेळ आणू नका. – वहिनी)

*

काका,

फोन केला, पाऊण तास गाणं ऐकलं, मग एक बाई भेटली. करार पाठवल्यावर उधारी मीटरवरून काढली. कापलेले अठ्ठावीस पौंड परत देणार आहेत. मूल आहे हो काका, सहा वर्षांचं. गुरुवारी मीटर बदलायला माणूस येतोय, स्मार्ट बसवणार. मालकाला ईमेल केली, उत्तर आलं, "फाइन."

पण वीज-गॅस मिळून महिन्याला १९० पौंडांचा डायरेक्ट डेबिट सांगतात! दोन खोल्यांच्या घराला?

– नवी भाडेकरू

*

अगं, १,७५५ ला बारानं भाग, १४६ येतात. त्या हिशेबात सरासरी घर म्हणजे वर्षाला २,७०० युनिट (किलोवॉट-तास) वीज आणि ११,५०० किलोवॉट-तास गॅस. १९० कुठून आले ते विचार. बहुधा आधीच्या माणसाचा वापर तुझ्या नावावर चिकटवलाय. तुझ्याजवळ सप्टेंबरपासूनचे टॉप-अप आहेत, ते वाचून दाखव.

ठरावीक हप्ता असला तर उन्हाळ्यात तुझे पैसे त्यांच्याकडे साठतात, हिवाळ्यात वापरले जातात. उन्हाळ्यात जमा दिसली म्हणून हुरळू नकोस. दर महिन्याला जेवढा वापर तेवढंच कापलं जावं असं हवं असेल तर तीही सोय असते, फक्त जानेवारीचं बिल बघून नवऱ्याला खुर्चीवर बसव. बँकेतून चुकून जास्त कापलं गेलं तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक परत देते.

गावाकडे माणूस येऊन मीटरचा फोटो काढतो. इथे स्मार्ट मीटर मुकं झालं, म्हणजे आकडा पाठवेनासं झालं, की कंपनी अंदाजानं बिल लावते. म्हणून महिन्याच्या एक तारखेला स्वतः आकडा बघायचा. एका वर्षापेक्षा जुन्या वापराचं न लावलेलं बिल, चूक त्यांची असेल तर, ते मागू शकत नाहीत. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जायचं, फुकट असतं.

– माजी खजिनदार

*

काका, १३८ वर आणलं! उद्या माणूस येतोय. मीटरवर अजून अकरा पौंड आहेत, ते जातील का? आणि ही किल्ली परत द्यायची?

*

माणूस मीटरला हात लावायच्या आत पडद्याचा फोटो काढ, अकरा पौंड आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. गॅसच्या मीटरचे काळे आकडे घे, लाल सोड. ते अकरा तुझ्या नव्या खात्यावर जमा मागून घे. किल्ली मागितली तर दे, नाही मागितली तरी ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. पुढचा भाडेकरू वापरायचा.