'कॅम्प फॉलोअर्स'ला 'बाजारबुणगे' चालेल का?

ओसरी
माझी भाची मराठ्यांच्या मोहिमांवर पीएचडी करतेय. विषय लढायांचा नाही, लढायांमागे चालणाऱ्या पसाऱ्याचा: पखालवाले, नालबंद, तंबू-बिछायत लावणारे फरास, भोई, उंटांचे सरवान, बैलांवरून धान्य आणणारे लमाण, छावणीत दुकान मांडणारे वाणी. लष्करी इतिहासात नुकती पीएचडी झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलांचं एक चर्चासत्र आहे. त्यासाठीच्या मराठी गोषवाऱ्यात तिने सरळ 'बाजारबुणगे' लिहिलं. उत्तर आलं, 'शब्द अवमानकारक आहे, बिनलढाऊ कर्मचारी असे करावे.' ती म्हणते, कर्मचारी म्हटलं की वेतन आयोग डोळ्यांसमोर येतो. तर बाजारबुणगे चालेल का? आणि निमंत्रणात 'नवोदित संशोधक' लिहिलंय, 'अर्ली करिअर'ला तेच ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपागडे
आमचे मास्तर शेवटच्या बाकावरच्यांना बाजारबुणगे म्हणायचे. कौतुकाने नव्हे. शब्द शिवी झालाय तो झालाय, प्रबंधात घालून तो सोवळा होत नाही.

कलमदान
शिवी कोणी केली ते बघा की. पानिपताचं खापर फोडायला कोणीतरी हवं होतं. तोफा कमी पडल्या, रसद तुटली, आपसांत बेबनाव होता, हे सगळं बोलायला अवघड. 'बाजारबुणगे फार होते' हे सोपं. नवी मुलं नेमकं हेच उकरून काढतायत, तर शब्द काढून कसं चालेल? आरोपीचं नाव बदलून खटला चालवणार का?

मोडीवाचक
मुद्दा शिवीचा नाही, अचूकपणाचा आहे. बाजारबुणगे म्हटलं की सगळे एका गोणीत जातात. दप्तरातल्या जमाखर्चात तसं नसतं. फरास, मशालजी, पखालजी ही सरकारातून दरमहा मिळणारी माणसं. वाणी-उदमी आपल्या नफ्यातोट्यावर आलेले. लमाण तर ज्याचे पैसे त्याचं धान्य: १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला दख्खनमध्ये धान्य पुरवण्यात त्यांचे तांडे होतेच. आणि पानिपताला गेलेले यात्रेकरू नि सरदारांचे कुटुंबकबिले निराळेच. या चौघांना एक शब्द लावला तर संशोधन काय केलं?
जाता जाता: नव्या मुलांनी 'नालबंदी' जपून वाचावी. घोड्याच्या नालांचा खर्च समजून पुढे जाल, पण पुष्कळदा ती स्वारांना चाकरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम असते.

शब्दकिडा
व्युत्पत्ती कोणीच सांगितली नाही म्हणून मी सांगतो. बुणगे हे 'बुनणे'वरून. गोणपाट विणतात ना, त्या गोण्या वाहणारे ते बुणगे.

पारशीशाळा
शब्दकिडा, रागावू नका, पण ही घरी विणलेली व्युत्पत्ती दिसतेय. फारसीत 'बुनगाह' आहे: बुन म्हणजे तळ, बूड, गाह म्हणजे जागा. सामानसुमान ठेवायची जागा, आणि त्यावरून खुद्द सामान. म्हणजे बाजारबुणगे हे आधी बाजार आणि बोजा होते, माणसं नंतर झाली. गंमत म्हणजे आजच्या इराणात 'बोंगाह' म्हणजे घरं-जमिनींच्या व्यवहारातल्या दलालाचं ऑफिस.

शब्दकिडा
सगळं फारसीतूनच आलं म्हणायची एक फॅशन आहे. मराठी माणसाला गोणी माहीत नव्हती का?

तिरपागडे
गोणी माहीत होती, गोणी विणणारा लढाईत काय करत होता ते माहीत नाही.

रेजिमेंट
'बिनलढाऊ'ला माझा जास्त विरोध आहे. माणूस काय करत नाही यावरून त्याचं नाव कसं ठेवायचं? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे पावणेनऊ लाख लढाऊ भरती झाले आणि साडेपाच लाखांहून अधिक 'नॉन कॉम्बॅटंट'. यात भिस्ती, स्वयंपाकी, सईस, झाडूवाले, हमाल, जखमींच्या डोल्या उचलणारे. गोळीबारात डोली घेऊन धावणारा बिनलढाऊ? इराकातल्या कूत-अल-अमाराला २९ एप्रिल १९१६ रोजी सहाव्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा कैदेत गेलेल्यांत ही माणसंही होती. भूक आणि तुर्कांची कैद यांनी लढाऊ-बिनलढाऊ असा भेद केला नाही. भेद केला तो पगारात, पेन्शनीत आणि पुढे पुस्तकांत. हल्लीचे तरुण संशोधक इकडे वळलेत, हे फार बरं झालं. तलवारी आणि रणगाड्यांची मोजदाद पुष्कळ झाली.

कलमदान
रेजिमेंट, +१. आणि पानिपतानंतरचं ते सांकेतिक पत्र आठवा. दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. मग खुर्दा कोण? तेच हे. सावकारी भाषेत लिहिलंय म्हणून जास्त बोचतं. सत्तावीसपर्यंत मोजलं आणि हात टेकले.

मोडीवाचक
खुर्दा म्हणजे बाजारबुणगेच, हे तुमचं गृहीतक. साधा शिपाईही खुर्दाच. मला तर रुपये म्हणजे स्वार आणि खुर्दा म्हणजे पायदळ वाटतं.

कलमदान
वाटतं, की कुठे वाचलंय?

मोडीवाचक
वाटतं. तुमचंही वाटणंच आहे.

माजघर
शिवाजीमहाराजांच्या लष्करात हा प्रश्नच नव्हता. बखरकार सभासद स्पष्ट लिहितो, लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी. बाळगील त्याची गर्दन मारावी.

रेजिमेंट
बायका नव्हत्या म्हणून नालबंदही नव्हते? घोडे अनवाणी धावत होते? नियम एकाबद्दल, तुम्ही निष्कर्ष दुसऱ्याचाच काढताय.

तिरपागडे
अवांतर: पानिपत निघालंच आहे तर 'भाऊगर्दी'चं बघा. सदाशिवरावभाऊंभोवतीची गर्दी म्हणून भाऊगर्दी, असं लहानपणापासून ऐकलंय. खरं का?

शब्दकिडा
'गर्दी'चा जुना अर्थ माणसांची दाटी नव्हे, कत्तल, धुमाळी. गारद्यांची गर्दी वगैरे. भाऊगर्दी म्हणजे भाऊंच्या वेळची धुमाळी.

पारशीशाळा
हे पटलं. 'गर्द' म्हणजे धूळ, तेही फारसीच बरं का.

शब्दकिडा
आलं का पुन्हा!

ओसरी
मंडळी, माहिती सोन्यासारखी आहे, पण तिला गोषवारा परवा पाठवायचाय. मी 'लष्करासोबतचे लोक' सुचवलं तर म्हणाली, मावशी, हे लग्नाच्या वऱ्हाडासारखं वाटतं. आणि 'नवोदित'चं कोणी बोललंच नाही.

माजघर
नवोदित नको. नवोदित कवी असतो, त्याचा पहिला संग्रह स्वखर्चाने निघतो. 'तरुण संशोधक' लिहा.

मोडीवाचक
तरुण कसं? वीस वर्षं नोकरी करून पंचेचाळिसाव्या वर्षी पीएचडी झालेलाही अर्ली करिअरच. वयाचा संबंध नाही. 'नवसंशोधक' बरा. बाकी गोषवाऱ्यात मी असं करीन: एकदा 'बाजारबुणगे' अवतरणचिन्हांत, जुना शब्द म्हणून, नंतर प्रत्येकाला त्याच्या कामाच्या नावाने, पखालजी तर पखालजी.

कलमदान
अवतरणचिन्हं म्हणजे नाकाला रुमाल लावून शब्द उचलणं. बिनधास्त लिहावं तिने.

तिरपागडे
आणि ते चर्चासत्रवाले पुन्हा परत पाठवतील.

पारशीशाळा
ओसरी, तुम्ही वर 'सरवान' लिहिलंय. मूळ फारसी 'सारबान'. भाचीला म्हणावं, निदान तो तरी बघून घे.

शब्दकिडा
मराठीत सरवानच. आडनाव आहे आमच्या ओळखीत.