सिम्प्सन्सचा न्यूयॉर्कवाला एपिसोड १२ वर्षांच्या मुलाला दाखवू का?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, माझ्या मुलाला सध्या द सिम्प्सन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचं वेड लागलंय, पहिल्या सीझनपासून ओळीने बघतोय आणि आता आठवा संपत आलाय. नवव्याचा पहिलाच एपिसोड म्हणजे त्या कुटुंबातल्या बापाची, होमरची गाडी न्यूयॉर्कात अडकते तो, द सिटी ऑफ न्यूयॉर्क व्हर्सेस होमर सिम्प्सन. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाकडे सीडीवर बघितला होता, बाकी फारसं आठवत नाही पण वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन उंच टॉवरच्या मधे जॅमर लावलेली ती गुलाबी गाडी मात्र डोक्यात पक्की बसलीय.

तर झालं असं की मे महिन्यात आम्ही नणंदेकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो होतो तेव्हा ९/११ मेमोरिअलला पण जाऊन आलो. तिथे त्या मोठ्या हौदांच्या कठड्यावर गेलेल्यांची नावं कोरलीत ना, त्यातल्या एका नावात पांढरं गुलाबाचं फूल खोचलेलं होतं, म्हणजे आम्ही गेलो त्या दिवशी त्या व्यक्तीचा वाढदिवस होता. लेक त्या फुलापासून हलेचना, हात लावू का म्हणून विचारलं आणि मग न लावताच उभा राहिला. आता त्याच जागेवर विनोद चाललेत हे बघून त्याला काय वाटेल कळत नाहीये. आधी सांगून दाखवू, की हा एपिसोड सोडूनच देऊ? आणि यावर बंदी आली होती हे खरंय का?

पाथ_प्रवासी
दाखवा ताई, नक्की दाखवा. मी १९९८ पासून जर्सी सिटीत आहे, तेव्हा रोज पाथने, म्हणजे जर्सीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकलने, वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचो. गाडी पार जमिनीखाली थांबायची, मग त्या लांबच लांब सरकत्या जिन्यांच्या रांगेवरून सगळी गर्दी वर यायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही, नुसता बुटांचा आवाज, आणि वर दुकानांमधून वाट काढत बाहेर आलं की तो चौक. टॉवर ११० मजल्यांचे पण खालून आपण वर बघायचोच नाही हो, रोजचंच झालं होतं ते. वारा मात्र तिथे भयंकर, हिवाळ्यात कधीकधी दोर बांधायचे म्हणजे लोकांना धरून चालता यावं. मधे एक मोठा ब्राँझचा गोळा होता, फ्रिट्झ कोएनिग नावाच्या जर्मन शिल्पकाराचा, त्याच्याभोवती कारंजं, उन्हाळ्यात आम्ही डबे घेऊन तिथे बसायचो, बायको थालीपीठ द्यायची आणि शेजारचा गुजराती मित्र त्यातलं अर्धं खायचा.

म्हणून मला हा एपिसोड जवळचा. नंतर त्या टॉवरवर जे जे बनलं त्यात ते एकतर पडताना दिसतात नाहीतर आठवण म्हणून दिसतात. इथे ते एका वैतागलेल्या माणसाच्या मागे नुसते उभे आहेत, त्याला पार्किंगची चिंता आणि त्यात जोराची लागलेली, खेकड्याचा ज्यूस ढोसल्यावर दुसरं काय होणार. वर जातो तर तिथला संडास बंद, मग दुसऱ्या टॉवरवर धावतो आणि नेमका तेव्हाच जॅमर काढणारा पोलीस येऊन जातो. मला वर्ल्ड ट्रेड सेंटर असंच आठवतं, घाईतल्या माणसांचं.

फक्त गाडी खरं म्हणजे त्या चौकात जाऊच शकत नव्हती, तो पायी चालणाऱ्यांचा चौक. १९९३ मधे तळघरातल्या पार्किंगमधे व्हॅनचा स्फोट होऊन ६ जण गेले होते, त्यानंतर तर गाड्यांच्या बाबतीत फारच कडक झालेलं.

चित्रशाळा_पुणे
बंदी असं नाही म्हणता येणार. एपिसोड पहिल्यांदा लागला २१ सप्टेंबर १९९७ ला. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जे चॅनेल जुने भाग पुन्हा लावतात त्यातल्या बऱ्याच जणांनी तो बाजूला काढला, काही वर्षांनी हळूहळू परत आला पण काही ठिकाणी कात्री लावून. दोन टॉवरमधले दोन माणसं खिडकीतून एकमेकांवर ओरडतात तो भाग त्यात जायचा. नवव्या सीझनची डीव्हीडी २००६ च्या डिसेंबरात आली त्यात मात्र पूर्ण आहे.

मी ॲनिमेशन शिकवतो आणि बॅकग्राउंड कसं बोलतं हे सांगायला मुलांना हा एपिसोड दाखवतो. सिम्प्सन्सचं स्प्रिंगफील्ड हे मनाने रचलेलं गाव, तिथे घर कुठेही उचलून ठेवा कोण विचारतंय, पण न्यूयॉर्क लोकांनी बघितलेलं असतं. होमरला दोन्ही टॉवर चढायला लावलेत, त्यामुळे आपल्याला खालून वर आणि वरून खाली दोन्ही बाजूंनी त्यांची उंची दिसते, आणि वरच्या खिडकीतून ती गाडी टिकलीएवढी. तो शॉट मी थांबवून ठेवतो. तो टिकलीएवढा गुलाबी ठिपका नसता तर उंची कळलीच नसती.

आणि गाडीकडे कोणी बघत नाही तेव्हा बाकीचं घर शहर फिरतंय हे विसरू नका, लिबर्टीचा पुतळा, चायनाटाउन, ब्रॉडवेवरचं नाटक. त्या नाटकातल्या गाण्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालाय, आल्फ क्लाउसेन आणि केन कीलर यांना. त्याच शहराने होमरचा जीव नकोसा केलाय आणि त्याची बायको मार्ज अन् पोरांना मात्र ते सोडवत नाहीये. शेवटी होमर सेंट्रल पार्कमधे घोडागाडीच्या बाजूने गाडी पळवतो आणि घरचे सगळे चालत्या गाडीत उड्या मारतात, तिथली हालचाल काय सुंदर केलीय.

रेवा_ब्रुकलिन
माझं मत जरा वेगळं आहे. दाखवू नका असं नाही म्हणत, पण आधी सांगा. माझा नवरा त्या दिवशी लोअर मॅनहॅटनमधल्या ऑफिसात होता, धुळीने माखून ब्रुकलिन ब्रिजवरून चालत घरी आला, ते बूट त्याने पुन्हा घातले नाहीत आणि मला टाकूही दिले नाहीत. हा एपिसोड तो बघू शकत नाही. विनोदाचा राग नाही त्याला, ती काचेची खिडकी आणि त्यातून डोकावणारी माणसं बघितली की उठून जातो. तुमच्या लेकाने ती नावं वाचलीत, फुलापाशी उभा राहिलाय, त्यामुळे ओरडणाऱ्या त्या दोन माणसांपाशी त्याला अचानक काहीतरी होऊ शकतं. शेजारी बसा, मोबाइल बाजूला ठेवा.

अजून एक, होमरची मुलगी लिसा, तिच्या हातात एक मासिक असतं, बसने न्यूयॉर्क ९ डॉलर अशी जाहिरात, आणि त्या ९ च्या शेजारी टॉवरची सावली ११ सारखी दिसते. त्यावरून नेटवर हजार कट शिजवलेत, यांना आधीच माहीत होतं वगैरे. मुलं हे हमखास शोधून काढतात. १९९७ ची निव्वळ योगायोगाची गोष्ट आहे हे तुमच्याकडूनच कळू दे, कुठल्यातरी व्हिडिओवाल्याकडून नको.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि रेवाताई, तुमच्या नवऱ्याबद्दल वाचून गलबलून आलं. काल रात्री बघितला, जेवण झाल्यावर, आधी सगळं सांगून. कोणाला गाडी चालवायला सोबर ठेवायचं हे अंड्यांच्या बरणीत हात घालून ठरवतात आणि काळं अंडं होमरच्या दारुड्या मित्राला, बार्नीला येतं तिथे तो खदाखदा हसला. संडासाच्या धावपळीलाही हसला. खिडकीतली माणसं आली तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं, बोलला काही नाही. मग स्वतःच पॉज करून विचारतो की आई, ते फुलवालं नाव होतं ती जागा इथे कुठे आली? मी म्हटलं हौद आहेत तिथे टॉवर होते. तर म्हणतो मग गाडी आहे तिथे आता झाडं आहेत, आपण तिथेच बसून पाणी प्यायलो. आणि तो ब्राँझचा गोळा कुठे गेला? पाथवाले दादा, तुम्हाला माहीत असेल ना?

पाथ_प्रवासी
आहे की! ढिगाऱ्यातून निघाला, चेपलेला, जागोजागी फाटलेला. २००२ मधे बॅटरी पार्कात ठेवला होता, २०१७ पासून मेमोरिअलच्या अगदी बाजूला लिबर्टी पार्कात आहे. मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. पुढच्या वेळी एडिसनला आलात की कळवा, लेकाला मी घेऊन जातो, थालीपिठाचा डबा आणतो.